समोरचं डिप्रेशन बायपोलर तर नाही? फॅमिली डॉक्टरांसाठी पायरीपायरीने

बायपोलर म्हणजे मन कधी फार चढतं आणि कधी फार खचतं असा आजार. त्याचा पेशंट दवाखान्यात येतो तो बहुतेक वेळा झोप लागत नाही, अंगात त्राण नाही, ऑफिसला जावंसं वाटत नाही, अ‍ॅसिडिटी हटत नाही अशा तक्रारी घेऊन. म्हणजे डिप्रेशन घेऊन. मॅनियात, म्हणजे मन आणि शक्ती आजारापोटी चढलेली असताना, तो स्वतःहून येत नाही, कारण तेव्हा आपल्याला काही झालंय असं त्याला वाटतच नसतं. आणलंच तर घरचे आणतात, तेही पाणी डोक्यावरून गेल्यावर. त्यामुळे भांडुप, लालबाग किंवा डोंबिवलीच्या दवाखान्यात बसलेल्या डॉक्टरांना या आजाराची फक्त उदास बाजू दिसते. केसपेपरवर 'डिप्रेशन' लिहिलं जातं, एस्सिटालोप्राम या अँटिडिप्रेसंटची चिठ्ठी दिली जाते आणि पुढची कित्येक वर्षं कोणी मागचं विचारत नाही. पहिली लक्षणं आणि योग्य निदान यांत सहा ते दहा वर्षं जातात, असं निरनिराळ्या देशांतल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

असं का होतं ते आकड्यांवरून कळतं. अमेरिकेत टाइप एकच्या, म्हणजे मॅनिया होऊन गेलेल्या, रुग्णांची आठवड्या-आठवड्याची नोंद बारा वर्षांहून जास्त काळ ठेवली गेली. जवळपास निम्मे आठवडे त्यांना काही ना काही लक्षणं होती. एकूण काळाच्या सुमारे ३२ टक्के काळ डिप्रेशनचा होता आणि मॅनिया किंवा हायपोमॅनियाचा (त्याच्या सौम्य रूपाचा) ९ टक्क्यांच्या आसपास. टाइप दोनमध्ये, म्हणजे जिथे डिप्रेशनबरोबर फक्त हायपोमॅनिया होतो तिथे, तर डिप्रेशन ५० टक्के आणि हायपोमॅनिया जेमतेम एक टक्का. आपल्याकडच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आयुष्यात कधी ना कधी बायपोलर झालेल्या प्रौढांचं प्रमाण ०.५ टक्के निघालं, म्हणजे दोनशेत एक. आपल्या दवाखान्याची किती कुटुंबं आहेत त्यावरून हिशेब ज्याचा त्याने करावा.

मी मुंबईत मानसोपचारतज्ज्ञ म्हणून काम करते. माझ्याकडे येणारे बायपोलरचे पेशंट बहुधा आधी वर्षानुवर्षं फॅमिली डॉक्टरांकडे जात असतात, आणि त्या डॉक्टरांना त्या घराची खडान्‌खडा माहिती असते: कोणाचा काका घर सोडून गेला, कोणाच्या आत्याला शॉक दिले होते, कोणी एका रात्रीत चालतं दुकान विकायला काढलं. मला हे सगळं शून्यापासून काढावं लागतं. म्हणून माझा एकच आग्रह आहे: डिप्रेशनच्या प्रत्येक पेशंटला, अँटिडिप्रेसंट लिहिण्याआधी, त्याच्या आयुष्यातला 'वरचा' काळ, म्हणजे मूड आणि शक्ती चढलेली होती तो काळ, विचारायचा. तो कसा विचारायचा ते पुढे सविस्तर सांगते.

पहिली भेट

संध्याकाळी सातला बाहेर पंधरा पेशंट ताटकळत असताना सगळी हिस्ट्री घेता येत नाही. त्या भेटीत तीन कामं झाली तरी पुरे.

पहिलं काम जिवाच्या धोक्याचं. सरळ विचारा: "इतकं जड होतं तेव्हा जगून काय उपयोग, असं मनात येतं का?" 'हो' आलं तर तिथेच थांबू नका. "स्वतःला काही करून घ्यावं असं वाटलं का? कसं करायचं हेही डोक्यात आलं होतं का? आज घरी गेल्यावर सुरक्षित वाटेल ना?" असं विचारल्याने नसलेला विचार डोक्यात भरत नाही. उलट कोणीतरी विचारलं म्हणून बऱ्याच जणांचा बांध फुटतो. बायपोलरमध्ये आत्महत्येचा धोका सर्वसामान्यांच्या २० ते ३० पट असतो. आधी प्रयत्न झाला होता का, हेही विचारा. पोलीस केस होईल या भीतीने घरचे ते लपवतात. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा अशा व्यक्तीला तीव्र ताणाखाली होती असंच मानतो, तिला शिक्षा करत नाही, हे त्यांना आवर्जून सांगा.

दुसरं काम वरच्या काळाबद्दलचा एक तरी प्रश्न विचारण्याचं, आणि तिसरं पुन्हा बोलावण्याचं: दोन-तीन दिवसांत, गर्दी नसलेल्या वेळी, घरातल्या एका जवळच्या माणसाबरोबर, जुन्या चिठ्ठ्या घेऊन. जिवाचा धोका नसेल तर अँटिडिप्रेसंट तेवढे दोन दिवस थांबू शकतं.

वरचा काळ कसा विचारायचा

"तुम्हाला कधी खूप आनंदी वाटलं होतं का?" हा प्रश्न वाया जातो. लग्नात वाटलं, मुलाच्या बारशाला वाटलं, असं कोणीही म्हणेल. "मूड वर-खाली होतो का?" यालाही मुंबईत राहणारा प्रत्येक माणूस 'हो' म्हणतो.

सुरुवात झोपेपासून आणि अंगातल्या शक्तीपासून करा. झोप न लागणं आणि झोपेची गरजच न वाटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि निदानाची अर्धी लढाई तिथेच जिंकली जाते. चिंतेचा किंवा डिप्रेशनचा पेशंट रात्रभर कूस बदलतो आणि सकाळी मोडून पडलेला असतो. हायपोमॅनियातली बाई तीन तास झोपते, पहाटे साडेतीनला उठते, फळीवरचे सगळे डबे खाली काढून घासते, पुसते, पुन्हा लावते, पाणी आलं की भरते, सगळ्यांचे डबे करते, आठ-दहाची फास्ट पकडते आणि रात्री परत आल्यावरही थकलेली नसते. एक दिवस असं कोणीही करेल. आठवडाभर सलग, आणि तेही नेहमीच्या स्वभावाला सोडून, हे कान टवकारायचं लक्षण आहे. डीएसएम-५ ने, म्हणजे मानसिक आजारांच्या निकषांच्या अमेरिकन पुस्तकाने, २०१३ मध्ये निकष बदलले तेव्हा मूडबरोबर शक्ती आणि हालचाल वाढणंही आवश्यक धरलं, त्याचं कारण हेच. मूड कसा होता हे माणूस विसरतो, काय काय केलं ते त्याच्या आणि घरच्यांच्या लक्षात राहतं.

मी साधारण असं विचारते:

- "झोप फार कमी, तरी थकवा नाही, उलट नेहमीपेक्षा जास्त जोर आहे, असे सलग काही दिवस कधी गेलेत?"
- "त्या दिवसांत डोक्यात एकामागून एक कल्पना यायच्या का? बोलणं इतकं वाढलं होतं का की समोरच्याला मधे बोलूच देत नव्हता?"
- "तेव्हा पैसे कसे खर्च झाले? कर्ज, शेअर, ऑनलाइन खरेदी, कोणाला उधार?"
- "एरवी केलं नसतं असं काही त्या काळात केलं का, ज्याचा नंतर त्रास झाला?"
- "घरच्यांनी किंवा ऑफिसमध्ये कोणी म्हणालं का, की तू हल्ली नेहमीसारखा नाहीस?"

पैशाच्या प्रश्नावर थोडं रेंगाळा. साडी, दागिने, नवा फोन हे जुने प्रकार झाले. आता ऑप्शन ट्रेडिंग, कर्ज देणारी अ‍ॅप्स, पहाटे अडीचला केलेल्या ऑर्डरी यातूनही मॅनिया दिसतो. फोन पाहायची परवानगी मिळाली तर खरेदीच्या तारखा आणि सोसायटीच्या ग्रुपवर रात्री टाकलेले लांबलचक व्हॉइस मेसेज ही उत्तम नोंदवही असते. शरीरसंबंधांबद्दलचा प्रश्न पेशंट एकटा असतानाच, आणि 'बऱ्याच जणांना या काळात असं होतं' अशी वाट करून देऊन विचारा.

आणखी एक. वरचा काळ नेहमी आनंदी असतो असं नाही. कितीतरी जणांत तो निव्वळ चिडका असतो. "हल्ली फार तापट झालाय", "शब्दाला शब्द वाढवतो", "वॉचमनच्या अंगावर धावून गेला" असं घरचे सांगतात आणि आपण ते स्वभावाच्या खात्यात टाकतो. त्या दिवसांतली झोप विचारा, म्हणजे उलगडा होतो.

घरचा माणूस हवाच

हायपोमॅनिया पेशंटला आजार म्हणून आठवत नाही. त्याच्या लेखी तो आयुष्यातला चांगला काळ असतो, 'तेव्हा मी खरा मी होतो' असं तो म्हणतो. म्हणून दुसऱ्यांच्या लक्षात आलेला बदल ही व्याख्येतलीच अट आहे. बायको, नवरा, आई, बहीण, खोलीतला मित्र, कोणीही चालेल, पण त्या काळात जवळ राहिलेलं माणूस हवं. पेशंटची संमती घ्या, आधी त्याच्याशी एकट्याशी बोला, मग दोघांशी एकत्र. आपल्या दवाखान्यात पडद्यापलीकडे सगळं ऐकू जातं. दहा मिनिटं कंपाउंडरला बाहेर बसवून बाक रिकामा करावा लागला तरी करा.

कधी आई एकटीच येते: "तो यायला तयार नाही, जेवणातून द्यायला काहीतरी द्या." तिची घालमेल खरी असते. तरी न पाहिलेल्या माणसाचं निदान करू नये आणि चोरून द्यायचं औषध लिहू नये. ते उघडकीला येतं तेव्हा त्या माणसाचा घरच्या अन्नावरचा आणि डॉक्टरांवरचा विश्वास एकदमच जातो. आईचं म्हणणं तारखांसकट लिहून घ्या, आणि मुलाला झोपेच्या किंवा बीपीच्या तपासणीपासून सुरुवात करू असं सांगून का होईना, पण खरं कारण न लपवता, घेऊन यायला सांगा. मारहाणीची किंवा जिवाची भीती असेल तर वाट पाहू नका. कायद्यात नामनिर्देशित प्रतिनिधीच्या (पेशंटच्या वतीने निर्णयात मदत करणाऱ्या माणसाच्या) मदतीने, ठरलेल्या मुदतीसाठी भरती करण्याची तरतूद आहे, आणि त्यासाठी मानसोपचाराची भरती होणारं नोंदणीकृत हॉस्पिटल गाठावं लागतं.

एका कागदावरची रेघ

आता मी सर्वांत जास्त जिच्यावर भर देते ती गोष्ट. एक कोरा कागद आडवा धरा, मधोमध रेघ ओढा. रेघ म्हणजे त्या माणसाचा नेहमीचा काळ. वर चढलेला काळ रेघेच्या वर, खचलेला काळ खाली. डावीकडे शाळेपासून सुरुवात, उजवीकडे आजची तारीख. रेघेखाली औषधं, दारू, बाळंतपणं, मोठी आजारपणं.

'कोणत्या महिन्यात?' असं विचारलं की लोक गडबडतात. मराठी घरात सण विचारा. गणपतीच्या आधी की नंतर? दहावीच्या निकालाच्या वेळी? लॉकडाऊन लागला तेव्हा? पुष्कळ घरांत भिंतीवरच्या कालनिर्णयवर दुधाच्या खाड्यांबरोबर 'आज कामावर गेला नाही' असंही लिहिलेलं असतं. जुनं कॅलेंडर मिळालं तर मागवा.

एक रेघ दाखवते. दोन-तीन जणींच्या हकिकती मिसळल्या आहेत आणि तपशील बदलले आहेत. बाई ३४ वर्षांची, शिक्षिका, पश्चिम उपनगरात राहणारी. आत्ताची तक्रार उदासी आणि थकवा. रेघेवर पहिली खूण १९ व्या वर्षी, बी.कॉम.च्या शेवटच्या परीक्षेआधी: दोन महिने अंथरुणातून उठवेना, चौदा-चौदा तास झोप, खाणं वाढलेलं. घरच्यांच्या मते अभ्यासाचं टेन्शन. दुसरी खूण २३ व्या वर्षी, गणपतीनंतर: मंडळाच्या सजावटीसाठी रात्री जागल्या, पण विसर्जन झाल्यावरही आठवडाभर झोप तीन तासांवरच. नोकरी सोडली, उधारीवर चाळीस साड्या आणून व्यवसाय काढला, भावाशी कडाक्याचं भांडण झालं, आणि दिवाळीला त्या अंधाऱ्या खोलीत पडून होत्या. घरच्यांच्या मते 'डोक्यात हवा गेली, मग नुकसान झालं म्हणून खचली'. तिसरी खूण २८ व्या वर्षी, बाळंतपणानंतर दहाव्या दिवशी: झोप उडाली, बाळ बदललं गेलं असं म्हणू लागल्या, घरच्यांनी बाहेरची बाधा समजून उतारे केले, दीड महिन्याने शांत झाल्या. चौथी गेल्या वर्षी: डिप्रेशनसाठी गोळी सुरू झाली, तिसऱ्या आठवड्यात 'चमत्कार झाल्यासारख्या' उठल्या, भराभर बोलू लागल्या, शाळेत मुख्याध्यापिकांशी वाद घातला आणि गोळी स्वतःच बंद केली.

प्रत्येक वेळेला तिच्या घरी कारण तयार होतं आणि ते सुटं-सुटं पटण्यासारखंही होतं. चारही एका रेघेवर मांडल्यावर दुसऱ्या खुणेपाशी हायपोमॅनियाची आणि तिसऱ्या खुणेपाशी मॅनियाची दाट शक्यता दिसते. हा कागद केसपेपरला जोडून ठेवा. पुढच्या प्रत्येक डॉक्टरचं काम त्याने सोपं होतं.

निकष लावताना

मॅनियासाठी मूड चढलेला किंवा चिडका, आणि त्याच्या जोडीला शक्ती वाढलेली, हे किमान एक आठवडा, दिवसाचा बहुतेक वेळ, जवळजवळ रोज असायला हवं. भरती करावी लागली तर मुदतीची अट नाही. त्याबरोबर सातांपैकी तीन लक्षणं, आणि मूड नुसताच चिडका असेल तर चार: स्वतःबद्दल फुगलेल्या कल्पना, झोपेची कमी गरज, बडबड, विचारांची धावाधाव, लक्ष भरकटणं, कामांचा सपाटा किंवा अस्वस्थ येरझारा, आणि परिणामांचा विचार न करता केलेली धाडसं. कामाधंद्याचं किंवा नात्यांचं ठळक नुकसान झालं, भरती करावी लागली किंवा भास-भ्रम आले तर तो मॅनिया. हायपोमॅनियाला सलग चार दिवस पुरतात. बदल इतरांना जाणवतो, पण घडी पूर्ण विस्कटत नाही आणि भास-भ्रम नसतात. भास-भ्रम आहेत तिथे हायपोमॅनिया हा शब्द लिहूच नये.

एक मॅनिया झाला की निदान टाइप एक. डिप्रेशन झालेलं असण्याची गरज नाही. इथे आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या जुन्या आवृत्तीची, आयसीडी-१० ची, सवय आड येते, कारण तिच्यात बायपोलर म्हणायला किमान दोन एपिसोड (आजाराचे झटके) लागायचे. २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ मध्ये ती अट नाही. टाइप दोनसाठी किमान एक हायपोमॅनिया आणि किमान एक मोठं डिप्रेशन लागतं, आणि मॅनिया कधीच झालेला नसावा लागतो. टाइप दोन म्हणजे सौम्य आजार, ही समजूत चुकीची आहे. निम्मं आयुष्य डिप्रेशनमध्ये जाणं सौम्य नसतं.

वरचा काळ सापडत नाही, पण संशय वाटतो, तेव्हा डिप्रेशनकडेच नीट पाहा. पहिलं डिप्रेशन पंचविशीच्या आत, डिप्रेशन अनेकदा आलेलं, अचानक आलेलं आणि अचानक गेलेलं, झोप आणि भूक कमी होण्याऐवजी वाढलेली, हातपाय शिशासारखे जड, डिप्रेशनमध्ये भास किंवा भ्रम, बाळंतपणानंतरची सुरुवात, आई-वडील किंवा भावंडांत बायपोलर, अँटिडिप्रेसंटने चटकन बरं वाटून पुन्हा घसरण. यातलं एखादं असलं म्हणून बायपोलर ठरत नाही. तीन-चार एकत्र दिसली तर एकट्या अँटिडिप्रेसंटवर पेशंट ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मिश्र अवस्थेची वेगळी नोंद घ्या. मन पूर्ण खचलेलं, पण विचार धावताहेत, पायाला भिंगरी, झोप नाही, बोलणं थांबत नाही. निराशा आहे आणि ती कृतीत उतरवायची शक्तीही आहे, म्हणून आत्महत्येच्या दृष्टीने हा काळ अतिशय धोक्याचा. अशा पेशंटला त्याच दिवशी तज्ज्ञाकडे पोचवा.

दुसरं काही नाही ना?

बायपोलर सिद्ध करणारी रक्ताची तपासणी किंवा स्कॅन नाही. तपासण्या करायच्या त्या दुसरी कारणं वगळण्यासाठी आणि पुढच्या औषधांची तयारी म्हणून: टीएसएच (थायरॉइडसाठी), सीबीसी, साखर, क्रिएटिनिन, इलेक्ट्रोलाइट्स, लिव्हर, बी१२, चाळिशीपुढे ईसीजी, बाळंतपणाच्या वयात गर्भधारणेची तपासणी, गरज वाटली तर व्हीडीआरएल (सिफिलिससाठी) आणि संमतीने एचआयव्ही.

औषधांची यादी तोंडी विचारू नका, पिशवी आणायला सांगा. दम्यासाठी, त्वचेसाठी किंवा सांध्यांसाठी चाललेले स्टेरॉइड हे मॅनियाचं नेहमीचं कारण आहे, आणि बिननावाच्या पुड्यांतही स्टेरॉइड असू शकतं. मुंबईत टीबीचा प्रश्न विचारलाच पाहिजे: औषधांना दाद न देणाऱ्या टीबीसाठी दिल्या जाणाऱ्या सायक्लोसेरिनने भास, भ्रम, उदासी येऊ शकते, क्वचित आयसोनियाझिडनेही मन बिघडतं. नशेबद्दल विचारताना दारू-गांज्यावर थांबू नका. कॉलेजची पोरं 'एमडी' म्हणतात ते मेफेड्रोन २०१५ मध्ये अमली पदार्थ कायद्याखाली आलं, तरी शहरातून गेलेलं नाही. त्याने झोप उडते, बडबड वाढते, संशय येतो. नशा उतरल्यावर लक्षणं विरतात की आठवडाभर तशीच टिकतात, हे पाहायचं. पन्नाशीनंतर आयुष्यात पहिल्यांदा मॅनिया दिसला तर आधी मेंदूचा विचार करा: स्ट्रोक, गाठ, फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया. तिथे एमआरआय टाळू नये.

मनाच्या इतर आजारांशी गल्लत होते ती मुख्यतः काळाच्या हिशेबात. बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्वात मन तासातासाला आणि माणसांच्या वागण्याने हेलकावे खातं. बायपोलरमध्ये दिवस, आठवडे जातात, आणि मधे माणूस बऱ्याचदा पूर्ववत असतो. एडीएचडी लहानपणापासून सतत असतं, येत-जात नाही. स्किझोफ्रेनियात मूड ठीक असतानाही भास-भ्रम राहतात. दोन आजार एकत्रही असतात, त्यामुळे एक सापडला की दुसरा शोधणं थांबवू नका.

अंगात येण्याबद्दल. देवीच्या आरतीला किंवा जत्रेत अंगात येतं, घटकाभराने उतरतं, ती बाई घरी जाऊन स्वयंपाकाला लागते आणि समाजाला त्यात वावगं वाटत नाही. तो मॅनिया नव्हे. तेच अंगात येणं दिवसरात्र चालू राहिलं, झोप गेली, 'सगळ्या मुंबईचा उद्धार मी करणार' असं सुरू झालं, आणि तिच्याच मंडळातल्या बायका म्हणू लागल्या की हे नेहमीचं नाही, तर आजार समजा. श्रद्धेवर वाद घालू नका. झोप परत आणू, एवढ्यावर घरचे तयार होतात.

प्रश्नावली

एमडीक्यू ही बायपोलर हेरायची १३ प्रश्नांची प्रश्नावली २००० साली आली. सात किंवा जास्त 'हो', ते एकाच काळातले, आणि त्यांनी मध्यम किंवा मोठा त्रास झालेला, तर चाचणी सकारात्मक धरतात. टाइप दोन तिच्यातून बऱ्याचदा निसटतो. पीएचक्यू-९ डिप्रेशनची तीव्रता सांगते, प्रकार सांगत नाही. वेटिंगमध्ये भरून घ्यायला दोन्ही बऱ्या, निदान मात्र मुलाखतीवरच.

चिठ्ठी कशी लिहायची

'मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवत आहे' एवढ्याच ओळीची चिठ्ठी फार येते. त्याऐवजी अशी आली तर पहिल्याच भेटीत काम होतं:

"पुरुष, २६, कुरिअर कंपनीत. दीड महिना उदासी, झोप १२ तास, कामावर गैरहजर. २०२२ च्या नवरात्रात सुमारे दहा दिवस झोप ३ तास, थकवा नाही, सतत बडबड, बाइकचं कर्ज, मारामारी. मोठ्या बहिणीकडून खात्री केली. मामांना लिथियम चालू होतं. मरणाचे विचार आहेत, योजना नाही, बहीण सोबत राहील. टीएसएच, क्रिएटिनिन पाठवले. अँटिडिप्रेसंट दिलेलं नाही. बायपोलरची शंका."

तातडीचं असेल तर केईएम, नायर, सायन, कूपर आणि जे.जे. या हॉस्पिटलांत मानसोपचार विभाग आहेत, ठाण्याला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. अँब्युलन्ससाठी १०८. पेशंट किंवा घरच्यांना रात्री-अपरात्री बोलायला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक केसपेपरच्या वरच लिहून द्या.

तज्ज्ञाने उपचार सुरू केल्यावर पेशंट सर्दी-तापाला तुमच्याकडेच येणार. लिथियमवर (बायपोलरच्या नेहमीच्या औषधावर) असलेल्याला आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा बीपीची काही औषधं दिली की रक्तातलं लिथियम चढतं, जुलाब-उलट्यांतही चढतं. मूल होण्याच्या वयातल्या बाईला व्हॅल्प्रोएट (मूड स्थिर ठेवणारं, पण गर्भाला धोक्याचं औषध) चालू दिसलं तर तज्ज्ञाला त्याच दिवशी फोन करा. बायपोलर असलेली बाई गरोदर राहिली तर बाळंतपणानंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत नाजूक असतात. त्या काळात रात्रीचं बाळ कोण सांभाळणार, हे सातव्या महिन्यातच घरच्यांशी ठरवा.

घरच्यांना सांगताना

घाईत 'बायपोलर' हा शब्द फेकू नका. त्यांच्याच कागदावरची रेघ पुढे ठेवा आणि बोट ठेवून दाखवा: "हे वर गेलेलं, हे खाली आलेलं. हा एकच आजार आहे. स्वभावाचा दोष नाही आणि कोणी केलेलं काही नाही. मधुमेहासारखी बरीच वर्षं औषधं लागतील, पण शिक्षण, नोकरी, संसार सगळं करता येतं." पहिला प्रश्न बहुधा लग्नाचा असतो. 'लग्न केलं की शांत होईल' हे मान्य करू नका. लपवून केलेल्या लग्नात औषधं लपवावी लागतात, ती सुटतात आणि एपिसोड येतो.

पक्कं ठरत नसेल तेव्हा

असे पेशंट बरेच असतात. केसपेपरवर 'डिप्रेशन, बायपोलरची शक्यता तपासायची आहे' असं स्पष्ट लिहा. रोज झोपेचे तास आणि मूडला वजा पाच ते अधिक पाच असा एक आकडा, एवढं कॅलेंडरच्या चौकटीत लिहायला सांगा. तज्ज्ञाशी बोलून अँटिडिप्रेसंट द्यायचं ठरलंच तर पहिल्या सहा आठवड्यांत दर दोन आठवड्यांनी बोलवा आणि पेशंटसमोरच घरच्या माणसाला सांगा: झोप एकदम चार तासांवर आली आणि तरीही माणूस ताजातवाना दिसला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी फोन करायचा. प्रत्येक नव्या एपिसोडनंतर रेघ पुन्हा काढा, जुन्या कागदाशी ताडून पाहा आणि निदान बदलत असेल तर तारीख घालून बदला.